टेबलावर बसलं की डोकं फिरतं, मॅडम

"मॅडम, खेळ मला येतो. पण एकदा डोकं फिरलं की सगळं घालवून बसतो. राग आवरायची एखादी ट्रिक सांगा ना."

समुपदेशक म्हणून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्यानं "खेळ मला येतो" म्हटलं की पुढचं वाक्य मीच पूर्ण करू शकते. यातली बरीचशी मंडळी लॉकडाऊनमध्ये फोनवर पोकर, म्हणजे पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ, शिकली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा काहींना वाटलं, चला, सुटलो. त्यांच्यातलेच काही जण पुढे शनिवारी मित्राच्या फ्लॅटवर किंवा पणजीला मांडवीतल्या कॅसिनो-बोटीवर तेच करून आले आणि मग माझ्यासमोर येऊन बसले. अ‍ॅप गेलं, पण फिरणारं डोकं गेलं नाही.

अशांपैकी एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि काही भेटी एकत्र केल्यात. टेबलावर मित्र त्याला 'प्रोफेसर' म्हणायचे, इथेही तेच नाव ठेवू. वय तेहतीस, हिंजवडीत नोकरी, गणित पक्कं. कुठल्या पत्त्यांवर जिंकायची शक्यता किती, हे तो झोपेतही सांगेल. माझ्याकडे येण्याआधी तो आणखी दोन ठिकाणी जाऊन आला होता. तिथे त्याला दीर्घ श्वास घ्यायला आणि शंभरपासून उलटे आकडे मोजायला शिकवलं होतं.

"मग? मोजतोस?" माझ्या मुलाच्या वयाचा असल्यानं दुसऱ्या भेटीतच मी त्याला अरेतुरे करायला लागले होते.

"मोजतो ना. मोजता मोजता पुढचे पाच हजार लावतो."

श्वासाशी माझं वैर नाही. पण राग आल्यावर त्याला थोपवत बसण्यापेक्षा तो येतो कुठून हे बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत हेच सांगते. कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली आणि माझी सगळी प्रॅक्टिस तिच्यावरच उभी आहे. माझे सहकारी मला चिडवतात, की हिला सर्दी झाली तरी ही त्यामागचा विचार शोधेल. चिडवोत बापडे.

तर, मी त्याला आधी महिनाभर एकही पत्ता हातात घ्यायचा नाही अशी अट घातली. ही अट मी प्रत्येकाला घालते, का ते पुढे सांगते. कुरकुरत का होईना, त्यानं ती पाळली. मग मी म्हटलं, "डोकं सगळ्यात जास्त फिरलं, तो एक डाव सांग."

त्याला आठवावं लागलं नाही. त्याच्या हातात एक्क्यांची जोडी. पोकर न खेळणाऱ्यांसाठी सांगते: प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मग मधे सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडे पडतात आणि या सातांतून ज्याचे पाच पत्ते सगळ्यात भारी, तो जिंकतो. सुरुवातीला एक्क्यांच्या जोडीहून मोठं काहीच नाही आणि ती सरासरी २२१ डावांतून एकदा मिळते. समोरच्या मित्राकडे राजांची जोडी. मधले पत्ते उघडण्याआधीच दोघांनी समोरचे सगळे पैसे आत ढकलले. चार पत्ते काही न होता पडले. पाचवा, ज्याला हे लोक रिव्हर म्हणतात, तो पडला किल्वरचा राजा. मित्राचे तीन राजे झाले. प्रोफेसरनं खुर्ची मागे लोटली ती भिंतीवर जाऊन आपटली. मित्राची बायको आतल्या खोलीतून बघायला आली.

"त्याला तिथे पैसेच लावायला नको होते," तो मला सांगत होता. प्रसंगाला काही महिने झाले होते, तरी सांगताना त्याचे कान लाल झाले.

"राजांची जोडी असताना? तू लावले नसतेस?"

"...लावले असते."

"बरं. एक्के विरुद्ध राजे. शंभर वेळा असंच झालं, तर एक्के किती वेळा हरतील?"

"अठरा," तो ताबडतोब म्हणाला. "साधारण."

"मग त्या रात्रीचा डाव त्या अठरांतलाच ना?"

"हो. पण तेव्हा नको होता."

"बरं. मग कधी चालला असता?"

तो थांबला. हा प्रश्न मी विचारते तेव्हा लोक थांबतातच, आणि ती शांतता मी कधी भरत नाही. नवे समुपदेशक नेमकी इथे घाई करतात, अर्थ समजावून मोकळे होतात. मी टेबलावरचे कागद नीट करत बसले. तो आधी छताकडे बघत होता. मग बोटांनी काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि एकदम हसायला लागला.

"कधीच नाही," तो म्हणाला. "मॅडम, मला अठरा माहितीयत. पण मला शून्य हवेत."

हे वाक्य मी माझ्या वहीत तसंच्या तसं लिहून ठेवलंय. त्याला गणित येत होतं ते आकड्यांपुरतं. मनात मात्र वेगळाच नियम चालू होता: मी बरोबर खेळलो ना, मग मी जिंकलंच पाहिजे. जिंकावंसं वाटणं अगदी साहजिक आहे, त्यात काही वावगं नाही. पण जिंकलंच पाहिजे, असं म्हटलं की प्रत्येक हार अन्याय होऊन बसते. आणि अन्याय झाला की माणूस न्याय मिळवायला निघतो. तो न्याय कुणाकडून मिळवायचा? पत्त्यांच्या कॅटकडून. बावन्न पत्त्यांना तुम्ही मघाशी किती शहाणपणानं खेळलात हे ठाऊक नसतं.

राग येण्याचं खरं कारण तो किल्वरचा राजा नव्हता, ही मागणी होती. ही एवढी गोष्ट कळायला त्याला दोन समुपदेशक आणि तीन वर्षं लागली, आणि माझ्या एका प्रश्नानं ती उघडी पडली, याचा मला थोडा अभिमान वाटतो. वाटू द्या.

पुढच्या भेटीला मी त्याला हिशेब आणायला सांगितला. कुठल्या डावात काय पत्ते होते ते नको, फक्त वेळ आणि रक्कम. मित्राच्या घरी रोख पैसे नसायचेच. एक जण बँकर होऊन फोनमध्ये नोंद ठेवायचा, "अजून एक दे" म्हटलं की चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, समोर यायच्या आणि शेवटी यूपीआयवर हिशेब चुकता व्हायचा. त्या नोंदीचा स्क्रीनशॉट त्यानं आणला. दहा वाजून चाळीस मिनिटांनी एक्क्यांचा डाव गेला, पाच हजार. मग पावणेअकरा, सव्वाअकरा, पावणेबारा, प्रत्येकी आणखी पाच हजार.

कागदावर बोट ठेवून तोच म्हणाला, "एक्क्यांनी पाच हजार घेतले. पंधरा हजार मी दिले."

यात एक गोष्ट सगळ्यांनाच लागू आहे. डॅनियल कानेमन आणि अ‍ॅमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं, की तोट्यात गेलेला माणूस एरवी घेणार नाही असा धोका घ्यायला तयार होतो, कारण त्याला कसंही करून मूळ पदावर यायचं असतं. असं डोकं फिरून खेळण्याला पोकरवाले टिल्ट म्हणतात, त्याची अर्धी ताकद इथून येते. उरलेली अर्धी त्या 'पाहिजेच'मधून. अ‍ॅपवर हे आणखी वेगात व्हायचं, कारण समोरासमोर बसून तासाला पंचवीस-तीस डाव होत असतील, तर फोनवर एकाच टेबलावर त्याच्या दुपटीहून जास्त होतात, आणि लोक दोन-तीन टेबलं एकदम उघडून बसायचे. ते 'अठरा' मग रोजच भेटायला लागतात.

शिस्तीबद्दल मी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगते. जी शिस्त टेबलावर बसल्यावर आणायची असते ती येत नाही, ती घरून निघताना सोबत न्यावी लागते. प्रोफेसरनं स्वतःचे नियम स्वतःच लिहिले, मी फक्त खोडरबर धरून बसले होते. पाकिटात रोख दहा हजार, ते संपले की खेळ संपला, बँकरला आधीच सांगून ठेवायचं की मागितले तरी देऊ नकोस. साडेअकराला उठायचं, जिंकत असलो तरी. मोठा डाव गेला की पुढचे दोन फेरे पत्ते घ्यायचेच नाहीत, गॅलरीत जाऊन उभं राहायचं. खेळताना दारू नाही. घरी भांडण झालेलं असेल त्या शनिवारी जायचंच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: नियम बदलायची मुभा आहे, पण फक्त मंगळवारी सकाळी, ऑफिसला निघण्याआधी. हा शेवटचा माझा. शनिवारी रात्री अकराला प्रत्येक नियमाविरुद्ध बिनतोड युक्तिवाद सुचतो. मंगळवारी सकाळी चहा पिताना तोच युक्तिवाद मांडून बघा. प्रोफेसरनं दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्याचं त्यालाच हसू आलं.

"जिंकत असलो तरी" हे लोकांना पटत नाही. पण चढलेलं डोकं हेही फिरलेलंच डोकं असतं, त्याची कुणी तक्रार करत नाही इतकंच. सलग चार डाव जिंकलेला माणूस पाचव्याला काहीही पत्ते घेऊन बसतो, कारण आज माझा दिवस आहे. हाही पत्त्यांनी आपली दखल घ्यावी असाच आग्रह, फक्त खुशीतला.

सगळ्यांचं दुखणं राग हेच असतं असंही नाही. माझ्याकडे एक सीए मुलगी यायची. तिला राग कधीच यायचा नाही, तिला कंटाळा यायचा. पोकर नीट खेळायचा म्हणजे बहुतेक डावांत हातातले पत्ते टाकून द्यायचे, तासन्‌तास नुसतं बघत बसायचं. तिला ते सहन व्हायचं नाही, म्हणून ती वाईट पत्त्यांवर पैसे लावायची. तिच्या मनातली मागणी वेगळी होती: मला सतत मजा आलीच पाहिजे. तिनं चार महिन्यांत खेळणं सोडून दिलं. ती म्हणाली, मला पोकर आवडतच नव्हता, मला नुसतं काहीतरी घडायला हवं होतं.

प्रोफेसरकडे परत येते. एकदा त्याची बायको आली. तिला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटत होतं. "प्रमोशन हुकलं तेव्हा महिनाभर हा घरात असाच वागला," ती म्हणाली. "एवढं केलं मी त्यांच्यासाठी, एवढं केलं, हेच रात्रंदिवस." तो खाली बघत होता. मला काही बोलावंच लागलं नाही, कारण आमच्या खोलीत तोवर 'अठरा' हा शब्द परवलीचा झाला होता आणि तोच हळूच म्हणाला, "तेही अठरांतलं होतं." पत्त्यांचं मला एक बरं वाटतं, ते दोन तासांत दाखवतात. नोकरी तेच दाखवायला दहा वर्षं घेते.

तो अजून खेळतो, महिन्यातून एकदा. राग येतो, पण आता गॅलरीत जातो. एकदा नियम मोडून पावणेएकला घरी आला, तेही स्वतःहून सांगितलं.

आता त्या महिन्याच्या अटीबद्दल. ज्याला महिनाभर थांबता येत नाही, त्याला मी शिस्त शिकवत बसत नाही. घरी खोटं बोलणं, क्रेडिट कार्डावरून किंवा लोन अ‍ॅपवरून खेळायला पैसे उचलणं, गेलेले परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणं, सोडायचं ठरवून पुनःपुन्हा न जमणं, यातलं दोन-तीन जरी जुळत असेल तर प्रश्न खेळ सुधारण्याचा नाही, खेळ पूर्ण बंद करण्याचा आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये जुगाराचा विकार दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्या पंगतीला नेऊन बसवला, तो उगाच नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. कुणाकडे जायचं सुचत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. चार पैसे कमावण्यासाठी डोकं थंड करून द्या म्हणणाऱ्यांनाही मी परत पाठवते, ते शिकवणं माझं काम नाही.

निम्मे फोन मला खेळणाऱ्यांच्या आईवडिलांचे आणि बायकांचे येतात. त्यांना सांगते, खेळून घरी आल्या आल्या विषय काढू नका. दोघांचीही डोकी तेव्हा ताळ्यावर नसतात. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग कागद-पेन घेऊन बसा आणि किती हरलास हे विचारण्याआधी किती वाजता उठायचं ठरवलं होतंस ते विचारा. त्याचं कर्ज गुपचूप फेडू नका. फेडायचंच असेल तर एकूण आकडा त्याच्याच हातानं लिहून घ्या, पैसे थेट देणेकऱ्याच्या खात्यात भरा, आणि तेही त्यानं कार्ड आणि लोन अ‍ॅप तुमच्यासमोर बंद केल्यावरच.