वाचकांचे प्रश्न : चार्जर लावला की टच स्विच पिसाळतो

प्रश्न : सर, ईएसपी३२ (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर) बोर्डवर टच स्विच बनवलाय, तांब्याची पट्टी १४ नंबरच्या पिनला आहे. लॅपटॉपवर मस्त चालतं, पण मोबाईलचा चार्जर लावला की लाइट आपोआप चालू-बंद. जेटॅग (चिपमध्ये डोकावून कोडमधली चूक शोधायची जोडणी) लावून बघावं म्हटलं तर टचच गायब! बोर्ड गेला का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बोर्ड ठणठणीत आहे हो, कोडलाही एवढ्यात हात लावू नका. टच पिन पट्टी आणि ग्राउंडमधला कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) मोजत असते, बोटाने त्यात पडणारी भर जेमतेम काही पिकोफॅरड, त्यामुळे ग्राउंडच डळमळीत असेल तर आकडा नाचणारच. दोन पिनच्या चार्जरला अर्थिंग नसतं आणि आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून मेन्सकडचा नॉइज सरळ आउटपुटला येतो, चार्जिंगला लावलेल्या मेटल बॉडीच्या फोनला हात लावला की झिणझिण्या येतात ना, ती हीच भानगड.

आधी पॉवर बँकवर चालवा आणि सिरीयल मॉनिटर (कॉम्प्युटरवर बोर्डचे आकडे दाखवणारी खिडकी) नसेल तर आकडे वायफायवरून बघा (वायफाय बंद असलं की काही पॉवर बँक करंट कमी म्हणून मध्येच झोपतात, तो वेगळाच ताप). आकडा शांत झाला तर चार्जर बदला. थ्रेशोल्ड, म्हणजे टच धरायची सीमा, मात्र शेवटी जो सप्लाय लावणार त्याच्यावरच ठरवा, सुरू होताना हात न लावता थोड्या रीडिंगची सरासरी घ्यायची आणि तिच्या दोन तृतीयांशाच्या खाली गेलं की टच धरायचा. हे साध्या ईएसपी३२ चं, ईएसपी३२-एस३ या पुढच्या चिपवर उलटं, तिथे बोट लावलं की आकडा वाढतो, कोड कुठून उचललाय ते बघून घ्या.

जेटॅगचं म्हणाल तर त्याच्या पिना १२, १३, १४ आणि १५, आणि या चारही टचच्याच. तुमची पट्टी नेमकी त्यातच बसलीये! २७, ३२ किंवा ३३ वर हलवा. १२ तर नकोच, बूट होताना ती हाय राहिली तर फ्लॅशला (प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीला) ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट जातात आणि बोर्ड उठतच नाही.

आणि यूएसबी लावलेलं असताना ५ व्होल्टच्या पिनला दुसरा सप्लाय देऊ नका, एका वेळी एकच. ३.३ च्या पिनला ५ दिले तर मध्ये रेग्युलेटर नसतो, चिप गेलीच. पट्टीवर ऑसिलोस्कोपचा प्रोब टेकवून मोजायला जाऊ नका, प्रोबचाच कपॅसिटन्स १० पिकोफॅरडच्या आसपास असतो, चिपला वाटणार बोट लागलं.