समुद्राकडे अख्खी काच हवी, पण गज-जाळ्या नकोत. बंगला सुरक्षित कसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अलिबागजवळ शनिवार-रविवारसाठी बंगला बांधताय, दिवाणखान्याची पश्चिमेची बाजू २४ फूट अख्खी काच आहे. तुमच्या यजमानांना तिच्यावर ग्रिल हवंय, तुम्हाला ‘तुरुंगात बसल्यासारखं’ वाटतं म्हणून नकोय. जोतं झालंय, स्लॅब पडायचाय.

ते शेवटचं वाचून हायसं वाटलं. मी पुण्यात आर्किटेक्ट आहे, कोकणात सात-आठ घरं केलीत. हा प्रश्न मला बहुतेक वेळा वास्तुशांत उरकल्यावर विचारला जातो. तेव्हा उत्तर एकच उरतं: ग्रिल लावा आणि त्याला जरा बरा रंग मारा.

आमच्या आजोळच्या वाड्याला दाराआड सागवानी अडसर होता, मांडीएवढा जाड. दिवसभर तो कुणाच्या नजरेला पडायचा नाही, कारण तो भिंतीच्या पोटात असायचा. चौकटीच्या एका अंगाला भिंतीत खोल बीळ ठेवलेलं, त्यात अख्खा अडसर सरकून बसे. रात्री आजोबा कडी धरून ओढायचे आणि त्याचं टोक समोरच्या भिंतीतल्या खोबणीत जायचं. सकाळी पुन्हा आत. असं बीळ भिंत उभी राहिल्यावर पाडता येत नाही, गवंड्याने ते पहिल्या थरापासून धरलेलं असतं. तुम्हाला हवंय तेही नेमकं हेच आहे, फक्त सागवानाऐवजी ॲल्युमिनियम आणि काच.

कुठलंही दार, काच किंवा शटर चोराला थांबवत नाही, खोळंबवतं. सप्लायरच्या कॅटलॉगमध्ये आरसी २, आरसी ३ असे युरोपियन दर्जे दिसतील. त्यांचा अर्थ, ठरावीक हत्यारं घेतलेल्या माणसासमोर ती वस्तू अनुक्रमे ३ आणि ५ मिनिटं टिकली. आता आठवड्यातले पाच दिवस रिकाम्या घरात चोराला पाच मिनिटांची काय मातब्बरी? त्याला कुणाची तरी चाहूल लागायला हवी. म्हणून केअरटेकरची खोली फाटकाला चिकटून न ठेवता जिथून काचेची बाजू दिसते, निदान तिथला आवाज ऐकू येतो, तिथे काढा. फाटकातून चोर येत नाही, पाहुणे येतात.

आता काच. काचवाला सांगेल, ‘मॅडम, टफन्ड आहे, काही होत नाही.’ टफन्ड काच दणकट असते हे खरं, पण कडेला टोकदार घाव बसला की एका क्षणात तिचे चुरमुरे होऊन खाली पडतात आणि चोरासमोर दहा फुटी मोकळं दार. ती तशी फुटते कारण तिचं काम माणसाला कापू न देणं हे आहे, घर राखणं नाही. तुम्हाला हवी लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा पारदर्शक पडदा. ती तडकली तरी चौकटीत चिकटून राहते, आत हात घालण्याएवढं भोक पाडायला पुन्हा पुन्हा हाणावं लागतं आणि त्याचा आवाज होतो. यात पडद्याची जाडी विचारा, नुसती काचेची नको. ०.३८ मिमीचा पडदा तुकडे धरून ठेवण्यापुरता ठीक. मी अशा ठिकाणी ६ अधिक ६ मिमी काच आणि मध्ये १.५२ मिमी पडदा घेतो. ईएन ३५६ नावाची युरोपियन चाचणी आहे, तिचं प्रमाणपत्र मागा. ४.११ किलोचा पोलादी गोळा पी२ए दर्जासाठी ३ मीटरवरून आणि पी४एसाठी ९ मीटरवरून तीन-तीनदा टाकतात, तरी तो आरपार जाता कामा नये. पी६बीपासून पुढच्या दर्जांना कुऱ्हाड चालवतात. घरासाठी इतकं पुढे जायची गरज मला कधी वाटली नाही.

वजनाचं आत्ताच पाहा. १२ मिमी काच म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. पाच फूट बाय दहा फुटाचा एक सरकता पल्ला १४० किलोच्या आसपास जातो. त्याला तसे रोलर लागतात, आणि वरचा २४ फुटी बीम काही काळाने थोडा जरी खाली वाकला तर पल्ले अडकतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅबच्या आधी हे सांगितलंय का? आणखी दोन बारीकसारीक गोष्टी. काच धरणारी पट्टी आतल्या बाजूने असू दे, बाहेरून असली तर स्क्रूड्रायव्हरने उचकटून अख्खी काच अलगद काढता येते. आणि सरकत्या पल्ल्याला वर ठोकळा हवा, नाहीतर कुलूप लावलेला पल्ला उचलून रुळावरून उतरवता येतो. महागड्या घरांतही हा ठोकळा विसरलेला मी पाहिलाय.

काचेच्या बाहेरून सरकून येणारं शटर हा तुमचा अडसर. दुकानाच्या खडखडणाऱ्या शटरचं चित्र डोक्यातून काढा. इथे बारीक भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, वारा येतो, दिवसा आतून अंधुकसं बाहेरचं दिसतंही. दहा फूट उंचीचं शटर गुंडाळल्यावर त्याला साधारण फूटभर जागा लागते. ती छज्ज्याच्या पोटात, बीमच्या बाहेरच्या अंगाला धरायची. बाजूचे रूळ गिलाव्यात गाडायचे आणि खालची खाच फरशीत. २४ फुटांचं एकच शटर करू नका, समुद्राच्या वाऱ्याला ते टिकत नाही. काचेच्या उभ्या दांड्यांपाशी रूळ येतील असे तीन भाग पाडा.

माझी एक फजितीही सांगतो. मुरूडकडच्या एका घरात अशी शटरं बसवली, फार देखणी झाली. पहिल्याच पावसाळ्यात वादळात वीज गेली, ती दोन दिवस नाही. शटरं खाली आणि घरातली माणसं भर दुपारी मेणबत्त्या लावून बसलेली. हाताने फिरवायची सोय होती, पण तिचं तोंड इंटिरिअरवाल्याने पीओपीच्या छतात छान बुजवून टाकलं होतं. शेवटी छत फोडलं. चूक माझीच, नकाशावर मी झडप दाखवली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक शटरला बॅटरी, हाताचा दांडा आणि त्या दांड्यापर्यंत हात पोचेल अशी झडप या तीन गोष्टी मी लेखी घेतो. शिवाय घरातून बाहेर पडायचा एक रस्ता तरी असा ठेवतो, ज्यावर शटर नाही, किल्ली न शोधता आतून उघडणारं चांगलं दार आहे.

‘इन्व्हिजिबल ग्रिल’चं विचारलंत. नायलॉन चढवलेल्या दोन-तीन मिमीच्या स्टीलच्या तारा चांगल्या ताणून लावतात. लहान मुलं, कबुतरं आणि सातव्या मजल्यावरची बाल्कनी यांच्यासाठी उत्तम वस्तू. तळमजल्यावर मात्र साध्या कटरने त्या एकेक करून कापता येतात. कापल्यावर भोंगा वाजेल अशा ताराही मिळतात, तेवढ्यापुरत्या ठीक. पण त्यांनाच ग्रिल समजू नका. लावल्यातच तर स्टील ३१६ प्रतीचं घ्या, ३०४ला खाऱ्या हवेत तांबूस डाग पडू लागतात.

झोपायच्या खोल्यांना मी सागाच्या उभ्या पट्ट्यांची जाळी करतो आणि पट्ट्यांच्या आत १२ मिमीची सळई घालतो. बाहेरून पाहणाऱ्याला लाकूडकाम दिसतं, करवत लावणाऱ्याला पोलाद लागतं. सळई हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली) किंवा ३१६ स्टीलची असू दे, कारण लाकडाआड ती गंजली तर तुम्हाला दिसणारही नाही. जाळी घट्ट बसवू नका. बिजागरीवर आतून उघडणारी करा, कुलूप-किल्लीची भानगड नको. आग लागली आणि खिडकीवर पक्की जाळी असली तर सुटायची वाटच बंद होते, इथे मी कुणाचंही ऐकत नाही.

बाहेरचं आवार. बारा फुटी भिंतीचा मोह टाळा. एक तर राष्ट्रीय इमारत संहितेत कुंपणाची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून १.५ मीटर उंच, आणि वरचे ०.९ मीटर आरपार दिसणारे असतील तर २.४ मीटरपर्यंत धरली आहे (स्थानिक नियम आणि सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची, भानगड वेगळी, ती तपासा). दुसरं, उंच भिंतीवरून चोर एकदा आत उतरला की त्याच भिंतीच्या आडोशाने तो निवांत काम करतो. त्यापेक्षा चिऱ्याचा कमरेएवढा गडगा आणि त्याला लागून काटेरी वई. करवंद, कागदी लिंबू, बोगनवेल, जागा असेल तर सागरगोटा. सागरगोट्याच्या जाळीत घुसून बाहेर आलेल्या माणसाला पोलिसांनी ओळखायची गरज पडत नाही.

फाटक आणि घराचं दार एका रेषेत ठेवू नका. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा वळवून बसवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. तुमच्या वाटेला तसं एक वळण द्या, म्हणजे घरात कुणी आहे की नाही हे रस्त्यावरून कळत नाही. रात्री दिवे लागले की काचेचं घर मत्स्यालय होतं, हे विसरू नका.

समुद्राच्या बाजूला नजर अडवायची नसेल तर जमीनच खाली न्या. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात बड्यांच्या बागांत अशी चरात दडवलेली भिंत असायची, एका अंगाला उभी, दुसऱ्या अंगाला हिरवळीचा उतार. घरातून सलग हिरवळ दिसते, गुरं मात्र आत येत नाहीत. त्यांच्याकडे तिला ‘हा-हा’ म्हणतात. तुमच्याकडे शेजारच्या म्हशी असतीलच, त्यांनाही ती लागू पडेल. फक्त अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाण्याला वाट न देता खणलीत तर जुलैत तुमच्याकडे खंदक तयार.

न्हाणीघराला काचेच्या सुट्या पट्ट्यांची खिडकी देऊ नका, पट्ट्या हाताने निघतात. गच्चीचं दार खालच्या दाराइतकंच भक्कम घ्या. तिथे जाणारे पाण्याचे पाइप भिंतीत घ्या किंवा बाहेर एकटे, चढायला आधार मिळणार नाही असे न्या.

आणि यजमानांचं. स्वयंपाकघर, साठवणीची खोली आणि धुणं-भांड्याची मोरी मागच्या बाजूला आहेत, तिथून समुद्र दिसत नाही, पाहुणे फिरकत नाहीत. तिथे साधं चौकोनी गजांचं ग्रिल त्यांच्या पसंतीने करू द्या. गावातला फॅब्रिकेटर ते आठवड्यात करून देईल, आणि समोरच्या शटरवरून होणारं तुमचं भांडण बरंच कमी होईल.