विद्यापीठाला मराठी विकिपीडियासाठी काही करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की २७ फेब्रुवारीच्या निमित्ताने प्रत्येक विद्यार्थ्याकडून विकिपीडियावर एक लेख लिहून घ्यायचा आणि त्याचे दहा गुण द्यायचे, असं विभागाच्या मनात आहे. ते कसं जमवावं? माझं मत विचाराल तर जमवूच नका. मी मराठी विकिपीडियावर संपादन करतो आणि अशा कार्यशाळांनंतरची झाडलोट आमच्याच वाट्याला येते. सातवाहनांवरच्या लेखात मधेच 'मागील प्रकरणात आपण पाहिलेच आहे' असं वाक्य आलं की पाठ्यपुस्तक उघडं पडतं. मग लेख काढून टाकावा लागतो आणि ते पोरगं पुन्हा तिकडे फिरकत नाही.

हे आजचं नाही. २०११ साली पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी मोठा गाजावाजा करून असाच उपक्रम झाला. विद्यार्थ्यांनी पुस्तकांतून, संकेतस्थळांवरून धडाधड मजकूर उचलून टाकला, स्वयंसेवक तो निस्तरता निस्तरता टेकीला आले आणि नोव्हेंबरात उपक्रम गुंडाळावा लागला. गुणांसाठी लिहायचं म्हटलं की दुसरं काय होणार!

आता शेजारच्या गोव्यात पाहा. गोवा विद्यापीठाकडे चार खंडांचा कोंकणी विश्वकोश होता. २०१३ साली विद्यापीठाने तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला केला. श्रेय द्या, तुम्ही केलेले बदलही त्याच अटींवर खुले ठेवा, बाकी काहीही करा. तेव्हा कोंकणी विकिपीडिया अजून प्रायोगिक अवस्थेत होता. २०१५ मध्ये तो स्वतंत्र झाला. म्हैसूर विद्यापीठानेही २०१४ मध्ये कन्नड विश्वकोशाच्या बाबतीत हेच केलं. शंभर कार्यशाळा एकीकडे आणि कुलसचिवांच्या सहीचं असं एक पत्र एकीकडे ठेवलं, तर मी डोळे झाकून पत्र घेईन.

तेव्हा आधी तुमच्या प्रकाशन विभागाच्या गोदामात जा. कोश, जिल्ह्यांवरच्या पुस्तिका, चर्चासत्रांचे अंक, आता कुणी छापणार नाही असं बरंच सापडेल. हक्क विद्यापीठाकडे असतील तर प्रश्न मिटला. लेखकाकडे असतील तर त्याची लेखी संमती घ्या. लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर कुणालाच विचारायला नको; केतकर १९३७ साली गेले, त्यांच्या ज्ञानकोशाची वाट १९९८ पासून मोकळी आहे. परवान्यात फक्त एक जपा: 'व्यावसायिक वापरास मनाई' ही ओळ घालू नका. विद्यापीठांना ती फार आवडते (का, देव जाणे), पण ती असली की मजकूर विकिपीडियावर घेता येत नाही. शोधगंगा या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात नेमकं हेच झालंय. तिथले प्रबंध संदर्भ म्हणून खुशाल द्या, त्यांतला उतारा मात्र उचलता येत नाही. विकिपीडियाकडे पाठवायचा परवानगीचा ईमेल विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावरूनच जाऊ द्या, कुणा प्राध्यापकाच्या जीमेलवरून नको.

विद्यार्थ्यांना काम हवंच असेल तर विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंडाकडे, खुल्या पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात आहे. पुस्तक स्कॅन करून चढवायचं, यंत्राने वाचलेला मजकूर मूळ पानाशी ताडून दुरुस्त करायचा. जुन्या छपाईत यंत्र जोडाक्षरांवर हमखास अडखळतं, त्यामुळे माणूस लागतोच. एकाने तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्याने पुन्हा पाहिलं की हिरवं. इथे नक्कल करायला वावच नाही. दहा गुण द्यायचे तर याला द्या. कोणत्या सदस्याने कोणत्या पानावर काय सुधारलं ते पानाच्या इतिहासात दिसतं, म्हणजे तुमची तपासणीही सोपी.