गाठ बांधली, पण सुटते का?

मी जळगावला एम.एस्सी. करते. पेशीत डीएनए पोहोचवण्यासाठी पीईआय (पॉलिइथिलीनइमाइन) हे धनभारित पॉलिमर आणि प्लास्मिड (गोल डीएनए) मिसळून जेल चालवले, म्हणजे विजेने डीएनए जेलमधून सरकवून पाहिला. एन/पी (पॉलिमरमधला नायट्रोजन आणि डीएनएतले फॉस्फेट यांचे प्रमाण) वाढवत नेले तसा डीएनए वेलमध्येच, नमुना भरायच्या खाचेतच, अडकला. पण एन/पी ८ ला वेलमधली चमकही गेली. डीएनए गेला कुठे?

बहुधा तिथेच आहे. इथिडियम ब्रोमाइड (जेलमध्ये डीएनए दाखवणारे रंगद्रव्य) डीएनएच्या बेस-जोड्यांमध्ये शिरले की चमकते. पॉलिमरने डीएनए घट्ट आवळला की रंगद्रव्याला शिरायला फटच उरत नाही. खात्रीसाठी त्याच नमुन्यात हेपारिन (रक्त गोठू न देणारे औषध) घाला, थोडा वेळ ठेवा आणि शेजारच्या वेलमध्ये चालवा. हेपारिनचा ऋणभार डीएनएपेक्षा दाट, त्यामुळे ते पॉलिमर ओढून घेते आणि सुटलेल्या डीएनएचा पट्टा (बँड) पुन्हा दिसतो. ही एक लेन (जेलमधली रांग) बरेच जण गाळतात. खरी परीक्षा तीच! जिनिंगमध्ये रुईची गाठ कितीही करकचून दाबा, सूतगिरणीत ती उघडावीच लागते. पेशीत शिरून न सुटणारा डीएनए काय कामाचा?

हिशेबही तपासा. १ मायक्रोग्रॅम डीएनएत सुमारे ३ नॅनोमोल फॉस्फेट. पीईआयच्या, एक नायट्रोजन असलेल्या, एककाचे वजन ४३. म्हणजे एन/पी ८ ला (३ × ८ × ४३ नॅनोग्रॅम) पीईआयही साधारण १ मायक्रोग्रॅमच लागते. त्यातले बरेचसे डीएनएला न चिकटता मोकळेच फिरते आणि पेशींना तेही बाधते.

डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारे यंत्र) पॉलिमर-डीएनए कण सकाळी ११० नॅनोमीटर, दुपारी ९००. मशीन बिघडले का? (धुळे)

मशीनला कशाला बोल लावता? दुपारचा नमुना पीबीएसमध्ये (मीठ असलेले बफर द्रावण) केल्याचे तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिले आहे. मीठ कणांवरचा धनभार झाकते. एकमेकांना दूर ठेवणारे काही उरत नाही, मग ते गोळा होतात. ५ टक्के ग्लुकोजमध्ये करून पाहा. आणि मे महिन्यात एसी बंद असेल तर क्युव्हेट (नमुन्याची छोटी कुपी) २५ अंशांवर स्थिरावेपर्यंत थांबा. पाण्याचा दाटपणा बदलला की आकाराचा आकडाही हलतो.

आमच्या नंदुरबारकडे सिकलसेलचे (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) रुग्ण बरेच. त्यांना या पॉलिमरचा उपयोग होईल?

आज तरी नाही. २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही उपचारात रुग्णाच्या मूळपेशी शरीराबाहेर काढतात आणि जनुक-संपादनाचे साहित्य विजेच्या झटक्याने आत घालतात, पॉलिमर नाही. शिवाय धनभारित कण रक्तात सोडले की प्रथिने त्यांना लगेच चिकटतात. घरात कुणाचे हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध चालू असेल, तर असे काही वाचून डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.