रसायनशास्त्रातून धोरण सल्लागार: माझा अनुभव

रसायनशास्त्रात पीएचडी संपत आलीय, पुढे प्रयोगशाळेत राहायचं नाही, धोरण सल्लागार नेमकं काय करतो आणि नागपूर सोडावं लागेल का, असं तू विचारलंयस. 'ताई' म्हणून विचारलंस, म्हणून मीही तू म्हणते. बारा वर्षं हेच काम करतेय.

आधी पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, उघड. फ्लोराइडपुढे दोन आकडे दिसतील. स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. हा दुसरा आकडा कुठल्याही उपकरणातून येत नाही. लोकांना पाणी तर द्यायचंय, मग किती धोका पत्करायचा, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. आपलं काम तिथे सुरू होतं.

माझी पहिली टिपणी अशाच एका गावाच्या बोअरवर होती. फ्लोराइड १.३. मी अकरा पानं लिहिली. मोजणीची पद्धत, त्रुटी, आलेख, सगळं. साहेबांनी पानं उलटली आणि विचारलं, "मॅडम, बोअर बंद करू की चालू ठेवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

पुन्हा लिहिलं ते दीड पान. कोणत्या बोअरचं पाणी प्यायला, कोणत्याचं फक्त धुण्याभांड्यांना. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायचं नलगोंडा तंत्र आपल्याच नीरीने, म्हणजे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, विकसित केलंय, पण ते त्या गावात चालेल का? तुरटीची मात्रा पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि अल्कतेवर (अल्कलिनिटी) ठरते, ती नीट बसली नाही तर पाण्यात ॲल्युमिनियम उरतं. रोज सकाळी ती मोजून टाकणार कोण? खाली बसलेला गाळ टाकायचा कुठे? आणि शेवटी एक ओळ लिहिली: 'मे महिन्यातला नमुना नाही, उन्हाळ्याबद्दल आत्ता सांगता येत नाही.' साहेबांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि नमुने मागवले. माहीत नाही ते स्पष्ट लिहिणं हे या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे, असं मी मनापासून मानते.

नागपूरचं म्हणशील तर शिकायला यासारखं गाव नाही. नीरी इथे १९५८ पासून. पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय सेमिनरी हिल्सवर. अमोनियम नायट्रेट घे. खतातही तेच, आणि खाणीत सुरुंग लावायलाही तेच. त्याचे नियम २०१२ चे. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात सुमारे २,७५० टन म्हणून ठेवलेल्या साठ्याचा स्फोट झाला, आणि २०२१ मध्ये आपल्या नियमांत दुरुस्ती झाली. २०१२ चे नियम आणि २०२१ ची दुरुस्ती शेजारी ठेवून वाच. काय बदललं, का बदललं, त्याचा खर्च कुणावर पडला, हे पेन्सिलने समासात लिही. एका रविवारात जेवढं समजेल तेवढं मला कुठल्याच कार्यशाळेत समजलं नाही.

नोकऱ्या मात्र बहुतेक दिल्लीत. मीही चार वर्षं तिथे काढली. सुरुवातीच्या जागा कंत्राटी असतात, घरच्यांना हे आधीच सांगून ठेव. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या धोरण फेलोशिपवर लक्ष ठेव.

आणि अर्ज करायच्या आधी एक काम कर. पर्यावरण कायद्याखालच्या नियमांचा मसुदा राजपत्रात निघाला की हरकती-सूचनांसाठी साधारण साठ दिवस मिळतात. तुझ्या विषयाजवळचा एक मसुदा निवड. कलम क्रमांक, अडचण काय, त्याऐवजी शब्द कोणते हवेत, एवढंच दीड पानात लिहून खरंच पाठव. पाठवण्याआधी मला दाखवलंस तर ओळ न् ओळ वाचून खुणा करून देईन.