बोअरमधलं लोह जमिनीतच अडवायचं असेल तर

भाऊ, दिंडोरीच्या तुमच्या बोअरचं पाणी उपसताना नितळ, तासाभरात पिवळं, अहवालात लोह लिटरला ३ मिलिग्रॅम. हवा खेळवलेलं पाणी बोअरमध्ये परत सोडलं तर लोह खालीच थांबेल का, हा तुमचा प्रश्न. थांबतं, पण वाळूच्या थरात जितकं, तितकं आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टात, नाही.

केसिंग, म्हणजे बोअरच्या भोकात बसवलेला पाइप, लोखंडी असेल तर आधी तासभर मोटर चालवा, मगच नमुना घ्या. सुरुवातीच्या पाण्यात पाइपाचाच गंज येतो.

विरघळलेलं लोह ऑक्सिजन मिळताच गेरूसारखं होऊन दगडाला चिकटतं. पुढच्या उपशातलं लोह हाच लेप धरून ठेवतो, म्हणून पहिल्या काही फेऱ्या फिक्या जातात. १ मिलिग्रॅम ऑक्सिजन सुमारे ७ मिलिग्रॅम लोहाला पुरतो. लिटरला ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असलेलं ५,००० लिटर पाणी सोडलं तर कागदावर ८० हजार लिटर पाणी स्वच्छ व्हायला हवं. वाळूत भोवतालचा प्रत्येक कण कामाला येतो. बेसॉल्टात पाणी मोजक्या भेगांतूनच पळतं, लेप धरायला जागा कमी. म्हणून सुरुवातीला तरी, सोडलेल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पटच पाणी स्वच्छ मिळेल असं धरा.

५,००० लिटर पाणी भोकं पाडलेल्या पाइपातून दीड मीटर उंचीवरून टाकीत पाडा. रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी वाळूच्या फिल्टरमधूनच परत सोडा. गढूळ पाणी गेलं तर भेगा बुजल्याच म्हणून समजा. पाइपाचं टोक बोअरमधल्या पाण्याच्या पातळीखाली ठेवा. वरून धार पडली की बुडबुडे भेगांत अडकतात. कॉम्प्रेसरने थेट हवा मारू नका, त्याचंही तेच होतं. पावसाचं किंवा ओढ्याचं पाणी तर अजिबात नको, जंतू थेट भूजलात जातात.

१२ तास थांबून उपसा सुरू करा. दर १,००० लिटरला चाचणीच्या पट्टीने लोह तपासा आणि लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पुढची फेरी. पाइपात तांबूस, बुळबुळीत थर दिसला तर तो लोहजीवाणूंचा; आधी क्लोरीनने बोअर धुऊन घ्या.

दर महिन्याला मोटर बंद असताना आणि चालू असताना पातळी मोजा. बंद असतानाची पातळी आणि उपसा तोच असून चालू असतानाची पातळी खाली जात असेल तर भेगा बुजताहेत; पाणी सोडणं थांबवा.

घरच्या वापराला एवढं पुरेल, द्राक्षबागेला नाही: दिवसाला ४ मिलिमीटर धरले तरी एकरी १६ हजार लिटर लागतात. ठिबकसाठी पाणी शेततळ्यात उंचावरून पाडा, निवळू द्या, मग सँड फिल्टर लावा.