मेजर रिव्हिजन आलंय, रिजेक्शन नाही

अगं,

रात्री दीडचा तुझा मेसेज सकाळी बघितला. "सगळं संपलं मॅडम" लिहिलंयस आणि खाली जर्नलच्या एडिटरच्या मेलमध्ये सरळ लिहिलंय मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून पेपर परत पाठव. संपलं कुठे? पेपरमध्ये दमच नसता तर एडिटरने पुढे पाठवलाच नसता, डेस्क रिजेक्ट करून मोकळा झाला असता, ढिगाने पेपर तिथेच गळतात. तुझा दोन अनोळखी रिव्ह्यूअरनी ओळ न ओळ वाचलाय, स्वतःची कामं सांभाळून, आणि या कामाचे बहुतेक जर्नल्स काही पैसे देत नाहीत गं.

दुसऱ्या रिव्ह्यूअरचा राग आलाय ना? माझ्या पहिल्या पेपरला एकाने विचारलेलं, विहिरींचे नमुने पावसाआधीचे की नंतरचे? दोन दिवस मी धुसफुसत होते, मग फील्डची वही काढली तर सात विहिरी मे महिन्यातल्या, पाच ऑगस्टमधल्या, आणि मी सगळ्या एकाच टेबलात कोंबलेल्या. टेबल फोडलं आणि निष्कर्षच फिरला.

१९३६ मध्ये आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी फिजिकल रिव्ह्यूला पेपर पाठवला, म्हणणं काय तर गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, नसतातच. एडिटर जॉन टेट यांनी तो रेफरीकडे, म्हणजे रिव्ह्यूअरकडेच, दिला, रेफरीने चूक दाखवली, आइनस्टाइन भडकले, आम्ही छापायला दिला होता, छापण्याआधी कुणाला दाखवायला नाही, असं कळवून पेपर परत घेतला. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या जर्नलमध्ये आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता! रेफरी म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्टसन होते हे कितीतरी वर्षांनी जर्नलच्या नोंदींवरून कळलं. त्याच लहरी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने पकडल्या, आणि आता आपल्या हिंगोलीत औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा व्हायचीय.

आता काम. एडिटरला पाठवायच्या उत्तरात प्रत्येक कमेंट जशीच्या तशी कॉपी कर, खाली उत्तर, काय बदललं ते पान आणि ओळ नंबरासकट. "रिव्ह्यूअरला कळलं नाही" असं लिहू नकोस, त्याला कळलं नाही तर वाचकालाही कळणार नाही, ते वाक्यच बदल. जिथे तुझं बरोबर आहे तिथे मात्र मान डोलवू नकोस, डेटा दाखव आणि नम्रपणे नाही म्हण, तेही चालतं. दोघांची मतं उलटसुलट आहेत ना सॅम्पल साइजवर, तिथे तू काय केलंस आणि का ते एडिटरलाच लिही, निर्णय शेवटी त्याचा असतो. मुदत कमी वाटली तर आजच मेल करून वाढवून माग, बहुतेक वेळा देतात.

टेबल तीनची मूळ शीट संध्याकाळपर्यंत पाठव, शनिवारी लॅबमध्ये बसू. आणि आधी जेवून घे.